गाणं कोणाचं? होमर, महदंबा आणि जात्यावरची बाई

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पोटगी, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, बचत गटाचे हिशेब, सातबाऱ्यावर बाईचं नाव हे आपल्या शिबिरांचे नेहमीचे विषय. त्यात आज दोन-अडीच हजार वर्षांहून जुन्या ग्रीक महाकाव्यांचा अभ्यास कुठून आला, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटणं साहजिक आहे. म्हणून आधी माझा प्रश्न सांगते, मग ग्रीसला जाऊ.

प्रश्न असा. आपल्याकडची बाई जात्यावर ओवी म्हणते, हळदीला गाणं म्हणते, भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईपुढे गाते. हे गाणं रचलं कोणी? आपण चटकन म्हणतो, "परंपरेनं आलेलं आहे." पुस्तकात छापताना "पारंपरिक" किंवा "अनामिक" असं लिहितो. त्या बाईला विचारलं तर तीही हेच म्हणते, "मले काई येत नाई व बाई, माय म्हने तेच म्हनतो मी." म्हणजे गाणं आहे, गळा आहे, पण रचणारी कोणीच नाही. शेतात राबणारी बाई असते पण शेतकरी मात्र तिचा नवरा असतो, त्यातलाच हा प्रकार.

हाच प्रश्न होमरच्या बाबतीत युरोपातल्या विद्वानांना पडला आणि त्यावर त्यांनी दोनशे वर्षं वाद घातला. त्या वादातून जे उत्तर निघालं ते आपल्या कामाचं आहे. त्यात जे निसटलं तेही आपल्या कामाचं आहे.

होमरच्या घरातलं जातं

आपल्याकडे जसं रामायण-महाभारत, तसं ग्रीकांकडे 'इलियड' आणि 'ओडिसी'. 'इलियड' सुमारे १५,७०० ओळींचं, 'ओडिसी' सुमारे १२,१०० ओळींचं. पहिल्यात ट्रॉयच्या युद्धाचे शेवटच्या काळातले दिवस आहेत. दुसऱ्यात त्या युद्धावर गेलेला ओडिसियस वीस वर्षांनी घरी कसा परततो याची कथा आहे. मधल्या काळात त्याच्या घरात शंभरावर पुरुष ठाण मांडून बसले आहेत. त्याची बायको पेनेलोपी हिनं आपल्यातल्या एकाशी लग्न करावं म्हणून अडून बसलेले, आणि रोज त्याच घरचं खाणारे.

एवढ्या पंगतीला पीठ लागतं. ते कोण दळतं? 'ओडिसी'च्या विसाव्या सर्गात त्याचं उत्तर आहे. त्या घरात बारा दासी जात्यांवर जव आणि गहू दळतात. त्या रात्री अकराजणींचं दळण संपलं आहे, त्या झोपल्या आहेत. बारावी सगळ्यांत अशक्त. तिचं दळण सरत नाही. पहाटे निरभ्र आभाळात गडगडाट होतो. ती जातं थांबवते आणि झ्यूस देवाला म्हणते की, ज्यांच्यासाठी दळता दळता माझे गुडघे निकामी झाले, त्यांचं आजचं जेवण शेवटचं ठरू दे. ओडिसियस वेषांतर करून तिथेच आला आहे. त्याच्या कानावर हे शब्द पडतात आणि त्याला तो शुभशकुन वाटतो.

एवढ्या मोठ्या काव्यात ही बाई काही ओळींपुरती येते. तिचं नाव दिलेलं नाही. पण पहाटेची वेळ, हातात खुंटा आणि देवाला उद्देशून बोलणं, हे ज्यांनी आपल्या आजीला दळताना पाहिलं त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. ग्रीक बाया दळताना गात होत्या याचा आणखीही पुरावा आहे. प्लुटार्क नावाच्या जुन्या लेखकानं लेस्बॉस बेटावरच्या एका जात्यावरच्या गाण्याची आठवण नोंदवली आहे. त्यात बाई जात्याशीच बोलते आणि तिथला सत्ताधीश पिट्टाकस हाही दळतोय असं म्हणते. राजाला जात्यावर बसवण्याची ही युक्ती आपल्या बायांनाही चांगली ठाऊक आहे.

याच 'ओडिसी'च्या पहिल्या सर्गात आणखी एक प्रसंग आहे. घरात गायक ट्रॉयहून परतणाऱ्या वीरांच्या हालांचं गाणं गात असतो. पेनेलोपीला ते ऐकवत नाही. ती खाली येऊन म्हणते, दुसरं काही गा. तेव्हा तिचा नुकता मिसरूड फुटलेला मुलगा तिला सांगतो की, तू माडीवर जा, आपला माग आणि चाती सांभाळ. बोलणं हे पुरुषांचं काम, आणि या घरात ते माझं. ती मुकाट्यानं वर जाते. कोणतं गाणं गावं, हे सांगायचा हक्क घरच्या मालकिणीलाही नाही. मग दळणाऱ्या दासीची काय कथा!

विद्वानांचा वाद

आता वादाकडे येऊ. १७९५ साली फ्रीडरिश वोल्फ या जर्मन पंडितानं एक ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं होतं की, होमरच्या काळी एवढी काव्यं लिहून ठेवण्याची सोय नव्हती. गायकांनी तोंडी सांभाळलेली गाणी पुढे एकत्र करून लिहिली गेली असणार. यावरून पंडितांचे दोन तट पडले. एक तट म्हणे, हे अनेकांच्या गाण्यांचं गाठोडं आहे, चला, जोड उसवून पाहू. दुसरा म्हणे, एवढी बांधीव रचना एकाच महाकवीची असली पाहिजे. शंभरावर वर्षं हा वाद चालला. इंग्लंडमधल्या सॅम्युअल बटलर या लेखकानं तर १८९७ मध्ये पुस्तक लिहून 'ओडिसी' एका बाईनं रचली असं मांडलं. पंडितांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, आणि त्याचे पुरावेही कच्चे होते. पण दोन्ही तटांची एक गोष्ट समान होती. सगळे टेबलाशी बसून छापील पुस्तकाकडे पाहत होते. प्रत्यक्ष गाणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं.

ते काम मिलमन पॅरी या अमेरिकन तरुणानं केलं. होमरमध्ये काही शब्दसमूह पुन्हा पुन्हा येतात. अकिलीस आला की तो चपळ पायांचा, पहाट झाली की ती गुलाबी बोटांची. जुने टीकाकार याला कंटाळवाणी पुनरुक्ती म्हणत. पॅरीनं १९२८ साली पॅरिसच्या आपल्या प्रबंधांत दाखवलं की, हे ठरलेले तुकडे वृत्तात नेमके बसणारे आहेत आणि ते एका माणसाचे नव्हेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या गायकांनी घडवलेले आहेत. गायकाला गाता गाता पुढची ओळ रचायची असते. त्यासाठी हे तयार तुकडे हाताशी लागतात.

मग हे जिवंत माणसांत तपासायला तो १९३३ ते १९३५ या काळात तेव्हाच्या युगोस्लाव्हियात गेला. तिथे गुसले नावाच्या एकतारी वाद्यावर गावोगावचे गायक रात्र रात्र वीरगाथा गात. पॅरी आणि त्याचा साहाय्यक आल्बर्ट लॉर्ड यांनी अॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर त्यांचं ध्वनिमुद्रण केलं. त्यांना आव्दो मेजेदोविच नावाचा निरक्षर शेतकरी भेटला. त्यानं सांगितलेली एक लग्नाची कथा बारा हजारांहून अधिक ओळींची भरली, म्हणजे जवळजवळ 'ओडिसी'एवढी. पॅरीनं एकदा त्याला दुसऱ्या गायकाचं, त्यानं पूर्वी न ऐकलेलं गाणं ऐकायला बसवलं आणि मग म्हटलं, आता तू गा. पहिल्याचं गाणं २,२९४ ओळींचं होतं. आव्दोचं झालं ६,३१३ ओळींचं. कथा तीच. पण घोडा कसा सजवला, पोशाख कसा, मनात काय चाललं होतं, हे सगळं त्यानं भरलं.

पॅरी १९३५ मध्येच, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेला. लॉर्डनं ते काम पुढे नेलं आणि १९६० साली 'द सिंगर ऑफ टेल्स' हे पुस्तक लिहिलं. त्याचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर, तोंडी गाणारा पाठ म्हणून दाखवत नसतो. तो दरवेळी रचतो. गायन आणि रचना या दोन गोष्टी नाहीतच, त्या एकाच वेळी घडतात. गायकांना विचारलं तर ते शपथेवर सांगत, मी शब्दाला शब्द तेच गायलो. ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवली तर ओळी वेगळ्या निघत. गायक खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी 'शब्द' म्हणजे छापील कागदावरचा एकेक शब्द नव्हता, सांगायची गोष्ट होती. ती त्यांनी तशीच सांगितली होती.

आता आपल्या त्या आजीचं उत्तर परत आठवा. "माय म्हने तेच म्हनतो मी." ती खरंच बोलते. पण तिच्या मांडीशी बसून ऐका. भाऊ येतो त्याचं वर्णन करणारा अर्धा चरण ठरलेला असतो. पुढे गाव बदलतं, भावाचं नाव बदलतं, शेवटचा शब्द यमकाला जुळवून येतो. ठेका जात्याचा असतो. मूठभर वैरण घालायला लागते तेवढ्या वेळात पुढची ओळ तयार होते. शेजारीण समोरून दुसरा हात लावत असेल तर तिची ओवी ऐकून हिची ओवी वळण घेते. याला पाठांतर म्हणत नाहीत, रचना म्हणतात. आव्दो मेजेदोविचला जगभरच्या विद्यापीठांनी कवी मानलं. मग ही आजी कवी का नाही?

निसटलेल्या बाया

इथे त्या थोर अभ्यासातली एक फट दिसते. पॅरीच्या संग्रहात संख्येनं सर्वांत जास्त गाणी आहेत ती बायकांची. पुढे बेला बार्टोक या मोठ्या संगीतकारानं त्यातल्या काही गाण्यांची स्वरलिपी केली आणि ते पुस्तक लॉर्डसह १९५१ मध्ये निघालं. पण तोंडी काव्याचा जो सिद्धान्त जगानं शिकला तो उभा राहिला पुरुषांच्या वीरगाथांवर. बायकांची गाणी वेगळ्या खणात गेली. ती छोटी, घरगुती, भावनेची म्हणून.

ही विभागणी त्या देशात पॅरीच्या शंभर वर्षं आधीची आहे. वूक कराजिच यानं सर्बियन लोकगीतं गोळा केली तेव्हा त्यानं त्यांचे दोन भाग केले, 'वीरांची' गाणी आणि 'बायकांची' गाणी. पण त्याच्या संग्रहातल्या वीरांच्या काही गाण्यांचा उगमही बायकाच होत्या. कोसोव्होच्या लढाईबद्दलचं सर्वांत नावाजलेलं गाणं त्याला एका आंधळ्या बाईकडून मिळालं. आज सर्बियाची मुलं ते शाळेत शिकतात. त्या बाईची ओळख काय, तर 'ग्रगुरेव्हत्स गावची आंधळी'. गावाचं नाव आलं, अंधत्व आलं, तिचं नाव मात्र आलं नाही. आंधळा होमर जगाला नावानिशी माहीत, मग तो होता की नाही याबद्दल वाद असला तरी. आणि ही नक्की होती, गायली, ऐकली गेली, तिचं नाव नाही.

अनुवादातही हेच घडतं. 'ओडिसी'च्या शेवटी त्या घरातल्या बारा दासींना फाशी दिलं जातं, कारण त्या घुसखोर पुरुषांबरोबर राहिल्या. आधी त्यांच्याकडूनच प्रेतं उचलून घेतात, दिवाणखाना धुऊन घेतात. कितीतरी इंग्रजी अनुवादांत त्यांच्यासाठी बदफैली बायांना लावायचे शब्द वापरले गेले, मूळ ग्रीकमध्ये तसा शब्द नसताना. २०१७ मध्ये एमिली विल्सन यांचा अनुवाद आला. त्यांनी तिथे साधं लिहिलं की, या मुली गुलाम होत्या. गुलाम बाईला नकाराचा हक्क असतो का, हा प्रश्न मग वाचणारीला आपोआप पडतो. मूळ काव्य बदललं नाही, वाचणारीची जागा बदलली.

रिद्धपूर आणि कौंडण्यपूर

आता आपल्या वऱ्हाडात या. महाकाव्य आपल्यापासून दूर नाही. भागवतातली आणि महाभारतातली रुक्मिणी विदर्भाची. तिचं माहेर म्हणून तिवसा तालुक्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर आपण दाखवतो. घरच्यांनी ठरवलेलं लग्न नाकारून जिनं स्वतः निरोप धाडला, ती आपल्या जिल्ह्याची लेक.

त्या रुक्मिणीच्या लग्नाची गाणी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याच मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरला, एका बाईनं रचली. ती महदंबा, म्हणजे महदाइसा. चक्रधरस्वामींची शिष्या. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा जो सोहळा मांडला गेला, त्या वेळी तिनं धवळे गायले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. नीट पाहा, ती एकांतात लेखणी घेऊन बसली नव्हती. लग्नघर होतं, प्रसंग होता, समोर माणसं होती आणि तिनं गायलं. पॅरी आणि लॉर्ड यांनी जे विसाव्या शतकात सांगितलं, त्याचा नमुना आपल्या रिद्धपूरला सातशे वर्षांपूर्वीचा आहे. फरक एवढाच की, महदंबेचं नाव राहिलं. का राहिलं? कारण तिच्या पंथानं ते लिहून ठेवलं.

महानुभावांनी आणखीही एक गोष्ट केली. 'लीळाचरित्र' रचताना म्हाइंभटांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. त्यात बाया होत्या. एकाच प्रसंगाबद्दल अमुकाचं म्हणणं असं आणि तमुकीचं तसं, अशा नोंदी त्या ग्रंथात दिसतात. कोणाचं तरी एकच खरं मानून बाकीचं खोडलं नाही. आणि मूळ ग्रंथ धामधुमीत हरवल्यावर तो आठवणीतून पुन्हा उभा करणाऱ्यांत हिराइसा या बाईच्या पाठाचा मान महानुभाव परंपरा आवर्जून सांगते. ग्रंथ संस्कृतात न्यावा अशी गोष्ट निघाली तेव्हा नागदेवाचार्यांनी नकार दिला, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बाया वंचित राहिल्या असत्या. आपल्या मातृभाषेत ज्ञान राहिलं याचं एक कारण या म्हाताऱ्या आहेत, हे विसरू नका.

महाभारताच्या अभ्यासाचीही एक गोष्ट सांगते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. डॉ. वि. स. सुखटणकरांनी त्या कामाला शिस्त दिली. देशभरच्या हस्तलिखितांची तुलना करून, हाती येईल तो सर्वांत जुना पाठ ठरवायचा आणि बाकीचे पाठभेद तळटीपांत द्यायचे. काम प्रचंड आहे. इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' याच आवृत्तीच्या आधारानं उभं आहे, आणि गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे माणूस म्हणून पाहायला त्या पुस्तकानं मराठी वाचकाला शिकवलं. पण ही पद्धत लेखी पोथीची. ओवीला ती लावता येत नाही. तिथे 'मूळ' पाठ नसतोच. अंजनगावच्या बाईनं म्हटलेली ओवी आणि बाळापूरच्या बाईनं म्हटलेली ओवी, यांतली एक खरी आणि दुसरी तळटीप, असं नसतं. दोन्ही खऱ्या, कारण दोघींनी त्या रचल्या.

नाव लिहिणारे

आपल्याकडे ओव्या जपणारी माणसं झाली. साने गुरुजी, सरोजिनीबाई बाबर, दुर्गाबाई भागवत यांच्या कामाशिवाय कितीतरी गाणी हरपली असती. पण जुन्या संग्रहांत बहुतेक ठिकाणी ओवी आहे आणि ती म्हणणारी नाही. हे बदललं ते पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या कामात. १९८० नंतरच्या वर्षांत त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या गायिकांच्या आवाजासह लोकांपुढे आणल्या.

त्या संग्रहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत. यावर थोडं थांबू. साचा जुना आहे, ठेका जात्याचा आहे. पण बाबासाहेब विसाव्या शतकातले. म्हणजे ही ओवी आजीच्या पणजीकडून आलेली असूच शकत नाही. ती त्या दलित बाईनं स्वतः, आपल्या डोळ्यांपुढे घडलेल्या गोष्टींवरून रचली. "बाया फक्त परंपरा सांभाळतात" या म्हणण्याला याहून चोख उत्तर नाही. जुन्या साच्यात नवा माणूस, नवा विचार बसवणं यालाच कवित्व म्हणतात.

आपल्या शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरातल्यांनी गाणी टिपली, त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक आलं आणि महाराष्ट्र थक्क झाला. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, म्हणून ते कागद प्रकाशकापर्यंत पोचले. ज्यांच्या घरात कोणी कवी नव्हतं, लिहिणारं नव्हतं, अशा किती बहिणाबाया गेल्या असतील?

एक मात्र सांगते. बायकांचं म्हणून सगळंच आपल्या विचारांचं असतं, असं समजू नका. ओवीत सासुरवास आहे, तसा सवतीचा दुस्वास आहे. लेकीचं दुःख आहे, तसं मुलगाच हवा हेही आहे. जातीचा तोरा आहे. 'ओडिसी' वाचताना दासींच्या फाशीवरचं पान आपण फाडत नाही. मग आपल्या ओव्यांतलं नको ते का गाळायचं? बाईनं पुरुषप्रधान समाजाचं काय गिळलं आणि काय थुंकलं, हे त्यातूनच कळतं.

आपल्या कामाशी याचा संबंध

अकोल्याला समुपदेशनाचं काम करताना एक अनुभव वारंवार येतो. बाई येते, हकीकत सांगते. पहिल्यांदा मारहाणीबद्दल सांगते. दुसऱ्या वेळी माहेरून आणायला लावलेल्या पैशांबद्दल. तिसऱ्या वेळी, दार लावून, दिराबद्दल. एका ठिकाणी साहेबांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "मॅडम, ही बाई दरवेळी वेगळं सांगते." ती म्हणाली, "म्या तेच सांगतलं साहेब, सबन तेच." साहेबांचा 'तेच' कागदावरचा होता. तिचा 'तेच' आयुष्यातला होता.

लॉर्डचे गायक मला तेव्हा आठवतात. तोंडी सांगणारं माणूस समोर कोण आहे, किती वेळ आहे, भीती किती आहे, हे पाहून सांगतं. गाभा तोच राहतो. सांगणं वाढतं, आखडतं. सगळ्याच विसंगती निरर्थक असतात असं मी म्हणत नाही. कोर्ट कागदावर चालतं, आणि तो कागद आपण नीट करून द्यायला हवा. पण बदलतं सांगणं म्हणजे खोटं, हा समज लिहिणाऱ्यांचा आहे. आपण ऐकणाऱ्या आहोत. म्हणून पहिल्या भेटीत मधे न तोडता ऐकायचं. तिच्या वऱ्हाडी शब्दांतच लिहायचं, त्याचं कचेरीतलं मराठी करायचं नाही. तारीख घालायची. वाचून दाखवायचं. पुढच्या भेटीत नवं आलं तर जुनं न खोडता नवं खाली जोडायचं. म्हाइंभटांनी रिद्धपूरला दोन म्हणणी शेजारी ठेवली होती. आपल्यालाही ते जमेल.

गाण्यांच्या बाबतीतही काही ठरवू या. गावोगाव पिठाची गिरणी आली आणि बायांच्या हातचं जातं सुटलं, हे चांगलंच झालं. त्या दासीचे गुडघे आठवा, मग जात्याचे गोडवे गायला जीभ वळणार नाही. पण जात्याबरोबर गाण्याची वेळही गेली. आता लग्नात हळद दळण्यापुरतं जातं निघतं. ओव्या येणाऱ्या बाया साठीच्या पुढच्या आहेत. तेव्हा प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या दोघीतिघींकडे जावं. मोबाइलवर आवाज घ्यावा, पण आधी परवानगी घ्यावी. ओवीत सासूचं, जावेचं नाव आलं तर ते उघड करायचं की नाही, हे ती ठरवेल.

ओवीबरोबर पाच गोष्टी लिहायच्या: म्हणणारीचं नाव, तिचं माहेर आणि सासर, कोणाकडून शिकली, कोणत्या प्रसंगी म्हणते, आणि कोणत्या तारखेला म्हटली. दोन बायांची ओवी वेगळी निघाली तर दोन्ही लिहायच्या. 'मले' चं 'मला' करायचं नाही. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुलींनी यंदा नवं कडवं जोडलं तर तेही, त्या मुलीच्या नावानं. आणि लिहिलेल्याची एक प्रत त्याच घरी परत द्यायची. आपली ओवी छापली गेली हे त्या बाईला सर्वांत शेवटी कळावं, असं होऊ नये.

२०२४ पासून रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. महदंबेच्या गावात. आपण गोळा केलेलं तिथे जतन व्हावं, म्हणणारीच्या नावासह नोंदलं जावं आणि 'अनामिक' हा शब्द जिथे टाळता येतो तिथे टाळला जावा, एवढी मागणी आपण सगळ्या गटांच्या सह्यांनी करू या. गटचर्चेत याचा मसुदा घ्या. मसुदा साध्या भाषेत लिहा, म्हणजे ज्यांच्या गाण्यांबद्दल तो आहे त्यांना वाचून दाखवता येईल, आणि त्यांनी काही बदल सुचवला तर तो घालता येईल.